‘सर म्हणाले होते’: देव न मानणाऱ्यांची व्यक्तिपूजा

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. चमत्कारांमागचं विज्ञान, भूतबाधा, काविळीची माळ, नारळातून निघणारी करणी, असे नेहमीचे विषय. पहिल्या सकाळी मीच मुलांना सांगितलं होतं, की पोथीत लिहिलंय किंवा मोठ्या माणसाने सांगितलंय एवढ्यावर काही खरं मानू नका, पुरावा मागा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारावीतल्या एका मुलीने हात वर केला. “दादा, माळेने कावीळ उतरत नाही हे पटलं. मग होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल आपण काहीच का बोलत नाही? त्यांचा पुरावा कुणी तपासलाय का?” माझ्या शेजारी बसलेला आमचा जुना कार्यकर्ता लगेच म्हणाला, “तो विषय घ्यायचा नाही. सर म्हणाले होते.” सर म्हणजे आमच्या भागातले एक ज्येष्ठ. ते त्या दिवशी हजरही नव्हते. मुलगी खाली बसली. मीही गप्प बसलो.

‘शास्त्रात लिहिलंय’ आणि ‘सर म्हणाले होते’ या दोन वाक्यांत फरक तो काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. देव नाकारला म्हणून माणूस भक्तीतून सुटतो का? आणि सुटत नसेल तर नेमकं कुठे अडकतो?

विवेकी माणसाला आदर्श हवेतच कशाला, त्याने फक्त विचार पाहावा, असं माझे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. घरात एकट्यानेच देव सोडलेला माणूस कशाकशातून जातो ते आठवा. सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला की आईचा चेहरा उतरतो. वडील गेल्यावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत नातेवाइकांबरोबर उभं राहायचं की नाही, हे त्याला रडता रडता ठरवावं लागतं. त्या वेळी तर्काचे नियम पुरत नाहीत. आपल्या आधी कुणीतरी याच वाटेने गेलं आणि मोडून पडलं नाही, एवढं माहीत असलं तरी बळ येतं. गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असताना काढली. तरी ते ‘सुधारक’मधून लिहीत राहिले. १८९५ मध्ये गेले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. र. धों. कर्व्यांची प्राध्यापकाची नोकरी संततिनियमनाच्या प्रचारापायी गेली. १९२७ मध्ये सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी खटले आणि तोटा सोसत १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. ही माणसं माझी आहेत. त्यांच्यावाचून मी या वाटेवर टिकलो नसतो.

तेव्हा आदर्श असण्यात गैर काही नाही. आदराचं रूपांतर दुसऱ्याच कशात तरी होतं तिथे बिघडतं. ते कसं होतं, हे समजून घ्यायला फ्रान्समधलं एक उदाहरण फार उपयोगी आहे.

ऑगस्त कॉम्त (१७९८–१८५७) हा कुणी भोळा माणूस नव्हता. समाजशास्त्राला ‘सोशिऑलॉजी’ हे नाव रूढ झालं ते त्याच्यामुळे. १८३० ते १८४२ या बारा वर्षांत सहा खंड लिहून त्याने मांडलं, की माणसाची समजूत तीन पायऱ्या चढते. आधी तो प्रत्येक घटनेमागे देव शोधतो, मग अमूर्त तत्त्वं शोधतो आणि शेवटी निरीक्षणातून हाती लागणाऱ्या नियमांवर येऊन थांबतो. देवाची पायरी मागे पडली, असं ठामपणे सांगणारा हा माणूस.

पुढे त्याच्या लक्षात आलं, की देव गेला तरी सण, संस्कार, शोक आणि एकत्र येण्याची ओढ मागे उरते. हे त्याचं निरीक्षण अगदी खरं होतं, आणि आजही आपल्या चळवळी त्याकडे पुरेसं लक्ष देत नाहीत. त्याचं उत्तर मात्र चुकलं. त्याने मानवतेचा धर्म काढला. १८४९ मध्ये त्या धर्माची दिनदर्शिका आली. प्रत्येकी २८ दिवसांचे तेरा महिने, म्हणजे ३६४ दिवस, आणि उरलेला एक दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी. महिन्यांची नावं थोरांची: मोझेस, होमर, ॲरिस्टॉटल, आर्किमिडीज, सीझर, सेंट पॉल, शार्लमेन, दांते, गुटेनबर्ग, शेक्सपिअर, देकार्त, प्रशियाचा राजा फ्रेडरिक आणि शेवटी शरीरशास्त्रज्ञ बिशा. प्रत्येक आठवड्याला एक नाव, प्रत्येक दिवसाला एक नाव. मोझेसच्या महिन्यात बुद्धाचा आणि मोहम्मद पैगंबरांचाही आठवडा आहे. एका अर्थी फार उदार मनाचं काम. सगळ्या जगाचे ऋण मान्य करणारं.

आता शेवटचा, आधुनिक विज्ञानाचा महिना पाहा. त्यातले चार आठवडे गॅलिलिओ, न्यूटन, लाव्हाझिए आणि गाल यांचे. हा गाल म्हणजे कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो असं मांडणारा वैद्य. ती विद्या विज्ञानाने मोडीत काढली. पण ज्या पानावर न्यूटन, त्याच पानावर, त्याच मापाने गाल. एखाद्या सिद्धांतात चूक सापडली की तो दुरुस्त करायची रीत विज्ञानात आहे. संतांच्या यादीतून नाव काढायची रीत पूजेत सहसा नसते. मला कॉम्तच्या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते.

त्याची स्वतःची कहाणी दुःखाची आहे. १८४४ मध्ये त्याला क्लोतिल्द द व्हो भेटली. दीड-दोन वर्षांत, १८४६ मध्ये, ती वारली. तिच्या आठवणीत तो रोज प्रार्थना करू लागला. ती ज्या खुर्चीवर बसायची ती त्याची वेदी झाली. स्वतःला तो मानवतेचा महापुरोहित म्हणवू लागला. त्याच्याही आधीपासून त्याने समकालीनांचं लेखन वाचणं बंद केलं होतं आणि त्याला तो मेंदूची स्वच्छता म्हणत असे. निरीक्षणाचा पुरस्कर्ता इतरांचं म्हणणं ऐकेनासा झाला, आणि भोवतीच्या शिष्यांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्सले याने या धर्माला ‘ख्रिस्तीपण वजा केलेला कॅथलिक पंथ’ म्हटलं ते उगीच नाही. या पंथाची मंदिरं पुढे ब्राझीलमध्ये उभी राहिली. ब्राझीलच्या झेंड्यावरचे ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ या अर्थाचे शब्दही कॉम्तच्याच घोषवाक्यातून आलेले.

पण कॉम्तच्या चाहत्यांमध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलही होता. कॉम्त पैशाच्या अडचणीत आला तेव्हा मिलने इंग्लंडमधून मदतीची सोय करून दिली. आणि कॉम्तच्या मृत्यूनंतर, १८६५ मध्ये, त्याच मिलने त्याच्यावर सविस्तर लिहिलं. सुरुवातीच्या कामाचं मोल त्याने मोकळेपणाने मान्य केलं, आणि नंतरच्या धर्माचं परीक्षण तितक्याच स्पष्टपणे केलं. आगरकरांच्या विचारांवर ज्यांचा ठसा होता त्यांत हा मिल एक. मिल पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून त्याची ही वागणूक लक्षात ठेवू.

पूजा मनात शिरते ती कुठल्या दाराने? एक दार मानसशास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, सगळे वेगवेगळे रकाने. पण ज्याला एका रकान्यात चांगले गुण त्याला सगळ्याच रकान्यांत चांगले, असं दिसलं. माणूस एका बाबतीत आवडला की त्याच्याभोवती एक वलय तयार होतं आणि त्या उजेडात त्याचं सगळंच उजळ दिसतं. देवांच्या तसबिरीत डोक्यामागे चक्र असतं ना, तेच. थॉर्नडाइकने वापरलेला शब्दही त्याच वलयाचा होता.

लायनस पाउलिंगचं उदाहरण घ्या. रासायनिक बंधांवरच्या कामासाठी १९५४ चं नोबेल, अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी १९६२ चं शांततेचं नोबेल. दोन्ही नोबेल एकट्याला, कुणाबरोबर वाटून न घेता. १९७० पासून मात्र तो सांगू लागला, की क जीवनसत्त्व भरपूर घेतलं तर सर्दी टळते. पुढे कर्करोगावरही त्याने तेच सांगितलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रुग्णांवर रीतसर चाचण्या प्रसिद्ध केल्या. कर्करोगात फायदा दिसला नाही. पाउलिंग आपल्या मतावर ठाम राहिला आणि लाखो लोक गोळ्या घेत राहिले, कारण सांगणारा पाउलिंग होता. रसायनशास्त्रातली त्याची सही वैद्यकातही चालली. आपल्याकडे उत्तम नट राजकारणावर बोलतो, उत्तम क्रिकेटपटू शाळेच्या अभ्यासक्रमावर बोलतो आणि आपण ऐकतो, ते याच दाराने. देव न मानणारेही त्याला अपवाद नाहीत. एखाद्याने देव नाही हे बरोबर ओळखलं, म्हणजे अर्थशास्त्र, स्त्रियांचे प्रश्न, जात, औषधं यांतही तो बरोबरच असणार, हे गृहीत आपण कधी तपासत नाही.

दुसरं दार आपल्या मातीतलं आहे आणि त्याबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. ज्या माणसाला विचारांपायी मारलं, त्याच्या एखाद्या मुद्द्याला ‘इथे मला शंका आहे’ असं म्हणायचं झालं तर आधी पोटात गोळा येतो. आपण मारणाऱ्यांच्या बाजूला तर जाऊन उभे राहत नाही ना? आपल्या शंकेचा उपयोग ते करून घेणार नाहीत ना? ही भीती खोटी नाही. माणूस गप्प बसतो तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. त्याचं त्या माणसावर प्रेम असतं, आणि बाहेर शत्रू टपलेला असतो. अशी एक एक शंका गिळली जाते, आणि काही वर्षांत त्या माणसाचा शब्द प्रमाण होऊन बसतो. हे कुणी ठरवून केलेलं नसतं. माझ्या मते आपल्याकडच्या पुरोगामी चळवळींतली बरीचशी व्यक्तिपूजा अशी दुःखातून आणि बचावातून जन्मलेली आहे, म्हणून तिच्याकडे तुच्छतेने पाहणं मला जमत नाही.

आणि आणखी एक अडचण. देव मानणाऱ्याला आपण भक्ती करतो हे माहीत असतं, तो ते लपवत नाही. आपण मात्र भक्तीतून सुटलो आहोत, अशी आपली खात्री असते. ज्या खोलीत आपण नाहीच अशी खात्री आहे, त्या खोलीचं दार कोण शोधणार?

या सगळ्यातून वाट दाखवणारा सर्वांत नेमका भेद मला डॉ. आंबेडकरांच्या एका भाषणात सापडला. १८ जानेवारी १९४३, पुणे, गोखले स्मारक सभागृह. निमित्त न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीचं. म्हणजे थोर माणसाचा गौरव करायलाच सगळे जमलेले. तिथे बाबासाहेबांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार केले. एखाद्याबद्दल अमर्याद आदर व्यक्त करणं हा एक. त्याची आज्ञा पाळणं हा दुसरा, आणि तो पूर्ण वेगळा. पहिल्यात काही वाईट नाही, कारण तो उदात्त गोष्टींविषयीचा आदर आहे आणि थोर माणूस त्या गोष्टींचं मूर्त रूप असतो. दुसरा म्हणजे कुळाने जमीनदाराशी राखलेली निष्ठा. पहिल्यात विचार करण्याची बुद्धी आणि वागण्याचं स्वातंत्र्य शाबूत राहतं, दुसऱ्यात माणूस पुरता मूर्ख बनतो.

हा भेद वापरायला सोपा आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. आदर किती आहे हे मोजायची गरजच नाही. तो कितीही असू दे. डोळ्यांत पाणी येऊ दे, घरात फोटो असू दे. प्रश्न एवढाच विचारायचा, की हे मी त्यांनी सांगितलं म्हणून करतो आहे, की पटलं म्हणून? ते उद्या उलटं बोलले तर माझं मतही त्याच दिवशी उलटेल का?

सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात त्यांनी हेच राजकारणाबद्दल सांगितलं. धर्मातली भक्ती कदाचित मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तिथे त्यांनी आधार घेतला तो मिलचा: थोर माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. कॉम्तला मदत करून त्याचंच परीक्षण करणारा तोच मिल.

बाबासाहेब नुसतं सांगून थांबले नाहीत. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असं ते म्हणत. त्यांतल्या बुद्धावर त्यांनी आयुष्याच्या शेवटी लिहिलेला, १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेला ग्रंथ उघडा. प्रस्तावनेतच ते परंपरेने सांगितलेल्या चरित्राला प्रश्न विचारतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, हे पटत नाही. एकोणतीस वर्षांत त्याने हे कधी पाहिलंच नसेल? चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली की नंतरची? आत्मा नाकारणाऱ्याच्या शिकवणीत कर्म आणि पुनर्जन्म कसे बसतात? लाखो लोकांना ज्याच्या मागे न्यायचं, त्याच्याविषयीच्या शंका उंबरठ्यावरच मांडणारा हा अनुयायी आहे. आणि त्यांनी निवडलेला गुरूही तसाच. स्वतःला मोक्षदाता न म्हणवता मार्गदाता म्हणवणारा, आणि कालाम नावाच्या लोकांना ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ एवढ्यावरून काही स्वीकारू नका असं सांगणारा. मला यातून कळलं ते असं, की गुरू निवडतानाच पाहावं. आपल्याला प्रश्न विचारू देणारा गुरू निवडला, तर निम्मा धोका टळतो.

भगतसिंगांचंही इथे आठवतं. ऑक्टोबर १९३० मध्ये, लाहोरच्या तुरुंगात, फाशीच्या छायेत, आपण नास्तिक का आहोत हे त्यांनी लिहिलं. हा अहंकार तर नव्हे, या सहकाऱ्यांच्या आरोपापासूनच ते सुरुवात करतात आणि स्वतःला तपासतात. महात्माजी थोर आहेत म्हणून त्यांच्यावर टीका करायची नाही, ते म्हणतील ते सगळं बरोबर, ही वृत्ती पुढे नेणारी नाही, असं त्यांनी त्यातच लिहिलंय. वय तेवीस. आज त्यांची टोपीतली तसबीर मिरवणुकीत पुढे असते. ती हातात धरणाऱ्यांपैकी किती जणांनी हा लेख वाचलेला असतो?

पूजेची दुसरी बाजू म्हणजे मूर्ती फोडणं, आणि तीही पूजाच असते. फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसमधल्या एका चर्चचं राष्ट्रपुरुषांच्या स्मारकात रूपांतर झालं. तिथे सर्वांत आधी दफन झालं क्रांतीचा एक नेता मिराबो याचं, १७९१ मध्ये. पुढच्या वर्षी राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात कागदपत्रं सापडली आणि तो राजाशी गुप्त व्यवहार करत होता हे उघड झालं. २१ सप्टेंबर १७९४ ला त्याचे अवशेष बाहेर काढले आणि त्याच दिवशी मारा या दुसऱ्या क्रांतिनेत्याचे आत नेले. पाच महिन्यांत मारालाही बाहेर काढलं. माणसं आत-बाहेर होत राहिली, आणि त्यांनी मांडलेल्यापैकी काय टिकतं, काय नाही, हे शांतपणे पाहायचं राहून गेलं.

आजही असंच घडतं. आपला आवडता विचारवंत घरात बायकोशी वाईट वागला हे कळतं, किंवा एखाद्या समाजाबद्दल तो हीन बोलतो, आणि आपण एक तर सारवासारव करतो, नाहीतर त्याची सगळी पुस्तकं रद्दीत काढतो. दोन्ही वेळा आपण युक्तिवाद माणसाला चिकटवलेला असतो. न्यूटनने आयुष्यातली कितीतरी वर्षं किमयागिरीत घालवली. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचं गणित चुकलं नाही, आणि गणित बरोबर होतं म्हणून किमयागिरीही खरी ठरली नाही. अर्थात, अशा विचारवंताने ज्यांना दुखावलं ती माणसं बाजूला सारून फक्त ‘विचार पाहा’ म्हणणं हाही एक बचावच आहे. त्या माणसांचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे. जाब माणसाला विचारावा आणि पुरावा विचाराला मागावा, दोन कामं वेगळी ठेवून.

हे जमू शकतं, हे मराठी माणसांनी पाहिलेलं आहे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. दाभोलकर एकाच व्यासपीठावरून बोलत. लागू म्हणत, देवाला रिटायर करा. दाभोलकरांची आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका वेगळी: आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. ऐकणाऱ्यांसमोरच मतभेद मांडले जात, आणि त्यामुळे मैत्री तुटली नाही की चळवळ मोडली नाही. त्या दोघांकडून घ्यायचं झालं तर मी आधी हे घेईन.

त्या शिबिरानंतर महिन्याभराने मी सरांना भेटलो आणि घडलेलं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एका शिबिरात वेळ नव्हता म्हणून मी तो विषय पुढे ढकलायला सांगितलं होतं. तेही आठ वर्षांपूर्वी. का, हे कुणीच कसं विचारलं नाही? त्या मुलीला पुढच्या वेळी घेऊन या. आपण तिच्याबरोबर बसून सगळे अभ्यास काढून बघू.”

मी तिच्या कॉलेजात निरोप ठेवला. पुढच्या शिबिराला ती आली नाही.